बाहेरची कडी

गारखेडा, औरंगाबाद
४ मे १९९७

लक्ष्मीमावशी,

इथूनच पाया पडते. तुझी येरवड्याला बदली झाल्यापासून मी एक ओळ लिहिली नाही, म्हणून तू रागावली असशील. रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. काम असल्याशिवाय या पोरीला मावशी आठवत नाही, हे तुझं वाक्य मीच आधी लिहून टाकते.

मावशी, मला नोकरी लागली. आणि एक नाही, दोन लागल्या. जेलच्या भरतीत नाव आलं, हर्सूलला महिला शिपाई म्हणून. आठ दिवसांनी पोलीस भरतीचाही निकाल लागला. माझा आवाज स्वच्छ आणि टायपिंग चांगलं, म्हणून ट्रेनिंगनंतर कंट्रोल रूमला घेणार म्हणाले. शंभर नंबरला फोन आला की उचलायचा, काय झालं, कुठं झालं ते विचारायचं आणि वायरलेसवरून जवळची गाडी पाठवायची, असं ते काम. दोन्हीकडं जूनमध्येच हजर व्हायचंय, तेव्हा एक धरायची आणि एक सोडायची.

मी इथं खोली घेऊन अभ्यास करत होते, त्या खोलीवर करमाडहून अण्णा खास आले आणि उभ्या उभ्या निकाल देऊन गेले. "जेल बरी. चार भिंतीत राहशील, समद्या बायाच. दिवसभर फोनवर कुणाशीबी बोलणारी पोरगी म्हणल्यावर स्थळ कोण आणणार?" आई म्हणाली, "अन् जेलातल्या पोरीला तरी कोण आणणार वो?" तर म्हणतात, "तिच्या हातात चावी राहती. चावीवाल्या बाईला समदे भेतात."

मलाही जेलच बरी वाटते. तू हर्सूलला निम्मं आयुष्य काढलंस, म्हणून तुला विचारते. तिथं रोज काय करावं लागतं? सगळं लिही, गाळू नकोस.

तुझी
आशा

ता. क. आई बरी आहे. उमाताईचं नाव अजून घरात कुणी काढत नाही.

*

येरवडा, पुणे
११ मे १९९७

आशे,

आशीर्वाद घे आणि एक टपलीही घे. दोन दोन नोकऱ्या! तुझ्या अण्णांची, आमच्या कंडक्टर सांडूभावजींची मान आता करमाडच्या स्टँडवर ताठ राहणार, आणि एस.टी.तल्या प्रत्येकाला तिकिटाआधी तुझी बातमी मिळणार.

जेलचं विचारतेस तर ऐक. मोठं फाटक आपल्यासाठी उघडत नाही. त्यातच एक छोटं दार असतं, त्यातून वाकून आत जायचं. जाताना आपलीच झडती होते. पैसे, पिशवी, सगळं बाहेर. बायकांचा भाग वेगळा, त्याला वेगळी भिंत आणि वेगळं कुलूप. सकाळ-संध्याकाळ बायका मोजायच्या, त्याला गिनती म्हणतात. गिनती जुळेपर्यंत कुणी जागचं हलत नाही, मग ऊन असो का पाऊस. बाकी दिवसभर भांडणं. एका फणीवरून दोघी अशा भांडतात की वाटावं जमिनीचा बांध फुटला. कुणाचं तान्हं लेकरू आत वाढत असतं, त्याला सगळ्या जणी मिळून लाडावून ठेवतात. आपण दरडावायचं, समजूत घालायची, आणि संध्याकाळी कुलूप लावायचं. जीव रमतो, यावर कुणाचा विश्वास बसत नाही, पण रमतो.

फोनच्या कामातलं मला कळत नाही. समोर माणूस नाही, नुसता त्याचा आकांत कानात. आणि तुला मी लहानपणापासून ओळखते. उमाच्या वेळी त्या फोनचं काय झालं ते आपल्या घराला ठाऊक आहे. रोज तसलेच फोन ऐकून तू वाळून जाशील. अण्णा एरवी बोलतात त्यातलं निम्मं सोडून द्यावं, पण या वेळी त्यांचं ऐक. जेल घे.

पहिला पगार झाला की मला हिमरू नको, पैठणी नको. एकदा पुण्याला ये, पुरे.

मावशी

*

गारखेडा
१७ मे १९९७

मावशी,

तुझं पत्र अण्णांना वाचून दाखवलं. "निम्मं सोडून द्यावं" हे सोडून दाखवलं.

माझं ठरलं. जेलला होकार पाठवला, सोळा जूनला हजर व्हायचंय. पोलिसांना नकार तेवढा कळवायचा राहिलाय. आता थोडं बारीक विचारते, म्हणजे पहिल्या दिवशी बावळट दिसायला नको.

नव्या बाईला बायकांच्या भागात लगेच ड्यूटी देतात का? एखाद्या कैदी बाईजवळ आपण एकटीच आहोत, दुसरं कुणी नाही, असं कधी होतं का? बराकीची चावी कुणाच्या कमरेला असते? कुणी आजारी असली तर औषध तिच्या हातात देतात की आपल्या हातानं पाजायचं असतं? आणि समज, एखादी बाई आपल्याला बाहेरची ओळखत असली, तर तिनं तक्रार केल्यावर तिचं ऐकतात का?

उत्तर जरा लवकर दे.

आशा

*

येरवडा
२३ मे १९९७

आशा,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मला हसू आलं. म्हटलं, पोरगी परीक्षेसारखा अभ्यास करतेय. मग औषधाच्या ओळीवर आले आणि हातातला चहा निवून गेला.

मी त्याच दिवशी हर्सूलला मनकर्णाबाईला फोन लावला. माझ्याबरोबरची आहे, मला खोटं सांगत नाही. तिला एकच विचारलं, दगडाबाई तुमच्याकडं आहे का? ती म्हणाली, आहे, सजा झाल्यापासून इथंच आहे.

आशे, उमाच्या सासूला सजा झाली तेव्हा तिला कुठं ठेवलं हे मी मुद्दाम विचारलं नव्हतं. माझ्याच हाताखाली आली असती तर मी काय केलं असतं, या भीतीनं मी पुण्याची बदली आली तशी घेतली. आणि तू मात्र शोधून काढलंस. भरतीचा अर्ज भरायच्या आधी काढलंस की नंतर?

मी काही विसरलेले नाही. उमाला मारझोड करून कडब्याच्या खोलीत कोंडली, दाराला बाहेरून कडी घातली, आणि त्याच खोलीत कपाशीवर फवारायचं औषध ठेवलेलं होतं. दारापुढं ती म्हातारी कुऱ्हाड घेऊन बसली. उमाचा नवरा बन्सी बाजाराला गेला होता म्हणून सुटला, म्हातारीनं कोर्टात "कडी म्याच लावली" म्हणून सांगितलं आणि दहा वर्षं घेतली. तुझ्या आईला मी धरून ठेवली होती निकालाच्या दिवशी. तू मागं उभी होतीस आणि तुझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

आता नियम ऐक. आपल्या नात्याचं किंवा वैराचं माणूस आत असेल तर हजर होतानाच साहेबांना लिहून द्यावं लागतं. मग ते तिला तरी हलवतात किंवा तुला तरी. तू ते लिहून देणार नाहीस, हे मला तुझ्या पत्रावरून दिसतंय. तू दिलं नाहीस तर मी देईन. तुझी नोकरी जाईल आणि माझ्यावरही चौकशी येईल की इतके दिवस गप्प का होतीस. येऊ दे.

मला उलट टपाली खरं लिही. त्या बाईचं तू काय करणार होतीस?

मावशी

*

गारखेडा
२८ मे १९९७

मावशी,

अर्ज भरायच्या आधी शोधलं. आता खरं विचारतेस तर खरं लिहिते.

मला तिला विचारायचंय. ताईनं औषध स्वतः घेतलं की पाजलं? ती आतून काय ओरडत होती? माझं नाव घेतलं का? कोर्टात हे कुणी विचारलं नाही. कोर्टाला कडी कुणी लावली एवढंच पाहिजे होतं. आणि विचारून झाल्यावर मी काय करणार होते, ते मलाही माहीत नाही. माझा हात आवरेल असं मी शपथेवर सांगू शकत नाही. गेल्या चार वर्षांत ती बाई माझ्या मनात दाराएवढी झाली आहे. झोपले तरी समोर, भाकरी थापली तरी समोर. तिच्या कुलपाची चावी माझ्या कमरेला असावी आणि तिनं आतून हाक मारावी, आणि मी ऐकू नाही आल्यासारखं करावं. एवढंच मला पाहिजे, मावशी. वाईट आहे ना? मला माहीत आहे वाईट आहे.

तू लिहिलंस, फोनचे आकांत ऐकून मी वाळून जाईन. तुला तो फोन नुसता ऐकून माहीत आहे. मी पुंजारामची साक्ष कोर्टात बसून ऐकली. शेजारच्या मळ्यातला सालगडी. कुऱ्हाडीला भिऊन जवळ गेला नाही, पण रोडवरच्या पेट्रोल पंपापर्यंत उन्हात पळत गेला आणि फोन लावला. पलीकडून विचारलं, "हद्द कोणती?" ती वस्ती दोन ठाण्यांच्या शिवेवर. एका ठाण्याला सांगितलं तर ते म्हणाले, ते ओढ्यापलीकडं आहे, त्यांना कळवा. दुसरं म्हणालं, आमचं नाही. पुंजाराम कोर्टात म्हणाला, "साहेब, म्या म्हणलं हद्द बिद्द मला ठावं नाय, बाई मरायलीय." गाडी दिवेलागणीला आली. ताई तोवर थंड झाली होती.

त्या खुर्चीवर मला बसायला सांगतात. मी बसू शकत नाही. म्हणून जेल.

तुला जे लिहून द्यायचं ते दे. मी सोळाला हजर होणार.

आशा

*

येरवडा
१ जून १९९७

पोरी,

वाईट नाही. तू लिहिलंस तसलं माझ्याही मनात येऊन गेलेलं आहे, फक्त मी ते कागदावर उतरवलं नाही.

तुला तिला विचारायचंय ना? मग विचार. पण चावी कमरेला लावून विचारू नकोस. चावीवाल्या बाईला कैदी खरं सांगत नाहीत, चावीला पाहिजे ते सांगतात. मी सगळी नोकरी हेच ऐकण्यात घातली.

जशा बाकीच्या जातात तशी जा. मुलाखतीच्या, म्हणजे नातेवाइकांच्या भेटीच्या दिवशी हर्सूलच्या फाटकाबाहेर रांगेत उभी राहा, खिडकीवर नाव लिहून दे. नातं विचारतील, तिथं "सुनेची बहीण" असं खरंखरं लिही. कैद्यानं हो म्हटलं तरच भेट होते. ती नाही म्हणाली तर परत ये. मनकर्णाबाईला मी सांगून ठेवते, ती बाजूला उभी राहील. तुमच्या दोघींच्या मध्ये दोन जाळ्या असतील, बोट जाणार नाही एवढ्या बारीक. त्या मी तुझ्यासाठी मागते आहे, तिच्यासाठी नाही.

भेटून आलीस की मग ठरव. तोपर्यंत मी कुणाला काही लिहीत नाही. पण सोळाच्या आत मला तुझं पत्र आलं नाही, तर माझं हर्सूलला जाईल. मला तुझी भीती वाटते, आशा. उमा गेली तेव्हा वाटलं नव्हतं तेवढं वाटतंय, कारण तेव्हा काही हातात नव्हतं आणि आता आहे.

मावशी

*

गारखेडा
९ जून १९९७

मावशी,

जाऊन आले. लिहायला दोन दिवस लागले.

रांगेत माझ्यापुढं एक म्हातारा होता, लेकीसाठी शेंगदाण्याचे लाडू घेऊन आलेला. मला म्हणाला, "तुमचं कोण हाय आत?" मी म्हटलं, नात्यातलं. खिडकीवरच्या माणसानं "सुनेची बहीण" वाचून मान वर केली, मला नीट पाहिलं आणि चिठ्ठी आत पाठवली. मला वाटलं ती नाही म्हणेल. नाही म्हणावं असंही वाटत होतं. तिनं हो म्हटलं.

मनकर्णाबाई सांगत होत्या, तिला आजपर्यंत एकही मुलाखत आली नव्हती. नाव पुकारलं तसं तिनं तोंड धुतलं, केसांना पाणी लावलं. तिला वाटलं बन्सी आला. मग चिठ्ठी वाचून दाखवली. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चला."

जाळीपलीकडं आली तेव्हा मला वाटलं चुकून दुसऱ्याच बाईला आणलं. मावशी, ती एवढीशी आहे. जाळीची चौकट तिच्या डोक्याच्या वर जाते. माझं तोंड दिसावं म्हणून तिनं टाचा वर केल्या, आणि तरी तिला कपाळच दिसत असेल. मनकर्णाबाईंनी पायाखाली लाकडी पाट सरकवला, तेव्हा तिचे डोळे जाळीला आले.

मी तोंड उघडलं, पण पाठ केलेलं काहीच आठवेना. तीच बोलली.

"आशा नव्हं तू? उमीची धाकली?"

"हो."

"बन्सीनं दुसरी केली का?"

चार वर्षं मी ज्या बाईला विचारायला गेले होते, ती मलाच विचारत होती. मी म्हटलं, केली. गेल्या वर्षी केली, माळीवाड्याकडची पोर आहे, यमुना नाव तिचं. करमाडच्या बाजारात मी तिला पाहिलेली. वाटलं, ऐकून आनंद होईल, वंशाला दिवा येणार म्हणून. तिनं जाळीला कपाळ टेकवलं.

"घर तेच हाय ना? ती कडब्याची खोली?"

"तीच असेल."

"तिला म्हणावं कडी काढून टाक. बाहेरली. उखडून टाक म्हणावं."

"कडी तुम्हीच लावली होती ना?" मी म्हटलं. "कोर्टात तुम्हीच म्हणालात."

ती पाटावरून खाली उतरली. आणि मावशी, ती खाली उतरली तेव्हा मला दिसलं. त्या खोलीची कडी दाराच्या पार वर आहे. ताई पहिल्या पंचमीला माहेरी आली होती तेव्हा हसून सांगायची, "आमच्या सासूबाईंना कडब्याची खोली उघडायची तर मला हाक मारावी लागती, त्येंचा हात पुरत नाय." उंच होती ना आपली ताई. हे मी कितीदा ऐकलं होतं, आणि कोर्टात ही म्हातारी "म्याच लावली" म्हणाली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. कुणाच्याच पडला नाही. तिला आम्ही कुणी माणसासारखं बघितलंच नव्हतं.

कडी त्यानं लावली. मग बाजाराला गेला. हिनं कुऱ्हाड घेऊन राखण केली आणि नंतर लेकाचं नाव पोटात घातलं. तिला सोडून दे असं मी म्हणत नाही. राखण तिनंच केली. ताई आत मरत होती आणि ही बाहेर बसली होती. जाताना मी ओरडून विचारलं, ताईनं माझं नाव घेतलं का? तिनं वळून पाहिलं. "तिनं पाणी मागितलं," म्हणाली. "म्या दिलं नाय."

फाटकाबाहेर आले आणि रस्त्याच्या कडेला बसून रडले. लाडूवाला म्हातारा बिचारा लाडू देत बसला होता.

त्याच वेळी मला कळलं की मी जेलात जाऊन ज्या बाईला कुलूप लावणार आहे, तिला कुलूप आधीच लागलेलं आहे. आणि ज्यानं कडी लावली तो मोकळा आहे, त्या घरात एक पोर आहे, आणि ती वस्ती अजून दोन ठाण्यांच्या शिवेवर आहे.

मावशी, मी काय करू?

आशा

*

येरवडा
१२ जून १९९७

आशा,

पत्र आलं तसं ड्यूटीला उशिरा गेले. येरवड्यात पहिल्यांदाच.

वकिलाकडं जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही, जा. पण म्हातारी कोर्टात शब्द फिरवणार नाही. मी तिच्यासारख्या आया पुष्कळ पाहिल्यात. तुला जेवढं सांगितलं तेवढंच तिच्याकडून निघायचं होतं.

यमुनेला गाठ. तिच्या घरी नको, बाजारात गाठ. निरोप दे. ती तुझ्यावर भडकेल, भडकू दे. आणि पुंजारामला भेट.

तू काय करू म्हणून विचारलंस. मी आधी जेल घे म्हणाले होते, ते मागं घेते. मी चुकीचं वाचलं होतं तुला. मला वाटलं, फोनला भिऊन तू भिंतीआड जातेयस. भीत होतीस खरी, पण त्या खुर्चीवर बसायला जी भिते तिनंच तिथं बसावं. ज्याला भीती नाही तो हद्द विचारतो.

सोळाला हर्सूलला जाऊ नकोस.

मावशी

*

औरंगाबाद
२१ ऑगस्ट १९९८

मावशी,

तुझी दोन पत्रं ट्रेनिंगला आली, एकालाही धड उत्तर दिलं नाही. कंट्रोलला आल्यावरही नुसती खुशाली कळवत राहिले. आज सगळं लिहिते.

यमुनेला मी ट्रेनिंगला जाण्याआधी करमाडच्या बाजारात गाठलं होतं, हे तुला कळवलं नव्हतं, कारण ते वाईट झालं होतं. बांगड्यांच्या दुकानापुढं तिला बाजूला घेतलं, निरोप सांगितला. ती लाल झाली. "तुमी पहिलीची बहीण, तुमी असंच सांगणार. माझं घर मोडायला आल्या व्हय?" आणि निवडलेला चुडा तसाच सोडून निघून गेली. मला वाटलं, संपलं. पुंजारामला भेटले, त्याला एवढंच सांगितलं की दादा, पुन्हा कधी तसं दिसलं तर भिऊ नका, फोन लावा. त्याला वाटलं असेल, ही कोण सांगणारी.

परवा माझी दुपारची पाळी होती. जेवणाचा डबा उघडला होता. फोन वाजला. धापा टाकणारा आवाज.

"बाई, म्या पुंजाराम बोलतुय, वस्तीजवळच्या नव्या डेअरीवरून. हद्द कोंची ते मला अजून बी ठावं नाय बघा, मागच्या बारीला बी..."

"हद्द मी बघते," मी म्हटलं. "दार कुठून लावलंय?"

मावशी, मला वाटलं होतं की आधी पत्ता विचारायचा, नाव विचारायचं, सगळं शिकवलेलं आहे. पण तोंडातून हेच निघालं.

"लावलं नाय बाई. दाव्यानं बांधलंय. कडीच नाय त्या दाराला. बाईनं कवाच उखडून टाकली. ती फटीतून हाका मारायलीय."

तिनं कडी उखडली होती! माझ्यावर भडकली, चुडा टाकून गेली, आणि घरी जाऊन कडी उखडली. म्हणून बन्सीला बैलाचं दावं बांधावं लागलं, आणि दाव्याला फट राहते. त्या फटीतून हाक बाहेर आली.

वायरलेसवर दोन्ही ठाण्यांना सांगितलं. पहिलं म्हणालं, ते ओढ्यापलीकडं आहे, त्यांना कळवा. दुसरं म्हणालं, आमचं नाही. तेच, शब्दाला शब्द तेच. मी म्हटलं, "दोन्ही गाड्या निघा. जी आधी पोचेल तिची हद्द." मागून आमचे साहेब उठून आले, "ए पोरी, असं नसतं," म्हणाले. मी पहिल्यांदाच साहेबांचं न ऐकता माईक हातात धरून ठेवला. रोडवर एक गाडी बंदोबस्ताहून परत येत होती, तिलाही वळवली. ती तर तिसऱ्याच हद्दीतली.

फोन ठेवला नाही. पुंजाराम डेअरीच्या दारात उभा राहून समोरच्या खोलीकडं बघत सांगत होता. बन्सी औषधाचा डबा घेऊन आला. दावं सोडतोय. गाठ त्यानं स्वतःच घट्ट मारलेली, सुटंना. "दादा, ओरडा," मी म्हटलं, "माणसं जमवा, जवळ जाऊ नका, नुसते ओरडा." आणि तो ओरडला, मावशी. मागच्या वेळी पळाला होता तो माणूस गळा फाडून ओरडला. मग डेअरीवरची माणसं ओरडली. मग मला हॉर्न ऐकू आला.

तिसऱ्या हद्दीतली गाडी आधी पोचली. बन्सीला धरलं. यमुना घाटी दवाखान्यात आहे. हात मोडलाय, पाठीवर वळ आहेत. काल मी गेले होते. ती ग्लानीत होती, तिच्या आईनं माझे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. मी यमुनेला चमच्यानं पाणी पाजलं. तिनं डोळे उघडून पाहिलं आणि पुन्हा मिटले.

आता खरी गोष्ट. आज मला कागद मिळाला. हद्दीबाहेर गाडी पाठवली, वरिष्ठांचं ऐकलं नाही, फोनवर विहित प्रश्न विचारले नाहीत, याचा खुलासा आठ दिवसांत लेखी द्या. साहेब वाईट नाहीत, म्हणाले, "मला मागावाच लागतो. पण नीट लिही, नाहीतर पहिल्याच वर्षी शेरा पडेल." मी सकाळपासून पाच कागद फाडले. मला ताईचं लिहावंसं वाटतं, म्हातारीचं लिहावंसं वाटतं, ओढ्याचं. लिहिलं की ते रडगाणं होतं. अण्णा म्हणतात, "पाया पड साहेबांच्या, म्हणावं चूक झाली." माझी चूक झाली नाही, मावशी. मी काय लिहू?

आणि दगडाबाईला कळवायचं का? तिच्या एका वाक्यानं तिचा लेक आत गेला.

आशा

*

येरवडा
२४ ऑगस्ट १९९८

आशा, माझी पोर,

पत्र हातात पडलं आणि मी बराकीच्या पायरीवर बसून रडले, कैदी बायांसमोर. त्या घाबरल्या. एकीनं मला पाणी आणून दिलं.

दगडाबाईला मी मनकर्णाबाईकडून कळवलं, तुला न विचारता. सांगायलाच पाहिजे होतं, तिचा तो हक्क होता. मनकर्णाबाई सांगते, बन्सीला धरलं हे ऐकून तिनं भाकरी बाजूला सरकवली. मग संध्याकाळच्या गिनतीला उभी असताना विचारलं, "पोरगी वाचली का?" वाचली म्हटल्यावर ओळीत नीट उभी राहिली. मी तिला माफ केलेलं नाही, तूही करू नकोस, कुणी माफी मागितलेलीही नाही. पण हे तुला माहीत असावं.

खुलाशाबद्दलचं हे पत्र उशिरा पोचेल म्हणून तार करणार होते, पण तारेत टपली मारता येत नाही. उशीर झालाच तर साहेबांकडून एक दिवस वाढवून घे. पाया पडू नकोस. ताईचं लिहू नकोस, ओढ्याचं लिहू नकोस. मी नोकरीत पुष्कळ खुलासे लिहिले, लांब लिहिलेला प्रत्येक खुलासा माझ्याच अंगाशी आला.

कोरा कागद घे. वर तारीख, वेळ, फोन आला तो. खाली लिही : सदर वस्तीवरील बाई जिवंत आहे.

आणि सही कर.

मावशी